कोऱ्या लेबलची तबकडी

२ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: सासऱ्यांच्या पेटीतली एकूण एक रेकॉर्ड ओळखायची. नोकरी संपली, वेळ आहे, कान जन्मजात आहे. सासरे ग्यानबा जलशात गायचे. मागच्या वर्षी ते गेले आणि एकुलती एक लेक म्हणून पेटी रूपाकडे, म्हणजे माझ्याकडे आली. चावीचा ग्रामोफोन मी अकोल्याहून आणला. रूपाने किंमत विचारली. विषय बदलला.

५ जानेवारी
बाकी सगळ्या रेकॉर्डी सामान्य. एक मात्र अजब. लेबल कोरं. वजनाला हलकी. भोकाच्या कडेला धातू चमकतो. चांदी असणार.
रूपा म्हणाली, थे बाबाचीच हाय. लग्नाच्या साली नागपूरले एका दुकानात मशीनपुढं गायले होते, मायवर रचलेलं गाणं. मायनं दुकानात एकच डाव ऐकलं. घरी वाजवाले कायी नोतंच.
तिला समजावलं, अशी दंतकथा घरोघरी असते. दुकानदार चांदीवर जलशाचं गाणं कशाला उतरवेल. हे कोण्या उस्तादाचं काम आहे.

७ जानेवारी
सासूबाई केनवडला पडून आहेत, म्हणून रूपा निघाली. म्हणाली, तबकडी घेऊन तुमीबी चाला. म्हटलं, ओळख पटल्याशिवाय वस्तू घराबाहेर काढायची नसते. तिने पिशवी उचलली. पटलं असावं.

९ जानेवारी
मोठा शोध. सुई कडेला ठेवली की घसरून पडते, कारण ही रेकॉर्ड आतून सुरू होऊन बाहेर येते. फेसबुकच्या ग्रुपवर पुण्याच्या एका गृहस्थांनी तसं सुचवलं होतं, पण मला आधीच संशय होता.
वाजली. पुरुषाचा आवाज. मोकळा, रांगडा. सुरुवातीला खोकतो. उस्ताद खोकणार नाही, पण थंडीचे दिवस असतील.

१४ जानेवारी
सकाळपासून तीच लावून बसलोय. राग भीमपलास. दुपारनंतर बागेश्री वाटला. शब्दांकडे मी मुद्दाम लक्ष देत नाही. शब्द कोणालाही कळतात.
पुण्याचे गृहस्थ लिहितात, ही मऊ तबकडी आहे, स्टीलच्या सुईने अजिबात वाजवू नका, दर वेळी आवाज खरवडला जातो. जळतात लोक. आमच्या अनसिंगात खजिना निघालेला पुण्याला कसा बघवेल. ग्रुप सोडला.

१९ जानेवारी
सुईवर काळा भुगा जमतो. साठ वर्षांची धूळ निघते आहे. रेकॉर्ड आतून स्वच्छ होत असणार.
भाकरी करपली. एकटं राहणं मला छान जमतं. रूपा असती तर म्हणाली असती, तव्याकडं पाहा. ती नाही म्हणून पाहिलं नाही.

२४ जानेवारी
रूपाचा फोन. माय दोन घासाच्या वर खात नाही. म्हणते, एक डाव त्याहीचा आवाज ऐकवा, मंग मी मोकळी. फोनवरच ऐकवा म्हणाली. म्हटलं, फोनवर घराणं कळत नाही. मंग मोबाईलमदी भरून तं ठेवा, म्हणाली. ठेवीन. पण आवाज एकदम स्वच्छ झाला की. कामचलाऊ कामाचा मला तिटकारा आहे.
शब्द दिलाय: पुढच्या रविवारी नक्की.

१ फेब्रुवारी
रविवार. गेलो नाही. राग पक्का व्हायचाय.
आवाज दिवसेंदिवस नाजूक होत चाललाय. बड्या घराण्याची हीच खूण. पहिल्या दिवशी रांगडा वाटला, तो माझ्या कानाचा दोष. कान तयार होतोय.

६ फेब्रुवारी
आज आवाज इतका तरल, की जवळजवळ ऐकूच येईना. स्प्रिंगला तेल दिलं. सुई बदलली. मोबाईलमध्ये भरून पाहिलं, नुसती खरखर आली. मोबाईल जुना झालाय.
केनवडची हवा कोरडी. तिथे वाजेल.

८ फेब्रुवारी
वाशीमला गाडी बदलून केनवड. ग्रामोफोन मांडीवर.
सासूबाई, विमलबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगात जीव नाही, तरी जावई आला म्हणून पदर डोक्यावर घेतला. चावी भरली. सुई आत ठेवली. खरखर. सुई कडेबाहेर पडेपर्यंत त्या कानामागे हात धरून बसल्या. पुन्हा लावली. खरखर. मी स्प्रिंग सांगितली, एसटीचे धक्के सांगितले. रूपाने तबकडी उचलून उजेडात धरली. पांढरी पडली होती. तिनं फक्त विचारलं, किती डाव वाजवली. मी म्हणालो, ओळख पटवायची होती.
विमलबाई म्हणाल्या, असू द्या जवाईबापू. तुमी तं ऐकलं ना? मंग तुमीच सांगा. माह्यं नाव यायचं त्यात. नावाच्या मागंपुढं काय होतं थे मी भुलली.
मी राग सांगितला. त्या वाट बघत राहिल्या. मी डोळे मिटून खूप आठवलं. त्यांच्याशिवाय हे गाणं ऐकलेला जगात मी एकटा आणि मला त्यातला एक शब्दही आठवेना. त्यांचं नावसुद्धा मी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणालो, सुरुवातीला खोकतात. त्या जरा हसल्या. म्हणाल्या, हो, तवापासूनच व्हता खोकला. मग भिंतीकडे तोंड करून निजल्या.
मला रडू आलं. वाचणारं कोणी नाही म्हणून लिहितो.
जावयाला कोणी बोलत नाही, हा आमच्याकडचा रिवाज. कोणीतरी बोलायला हवं होतं. विमलबाईंनी पडल्या पडल्याच लेकीला सांगितलं, त्याहीले जेवाले वाढ. रूपाने वाढलं. भाजीवर तेल जास्त सोडलं, पाहुण्याला सोडतात तसं. मी विचारलं, कधी येतेस घरी? म्हणाली, माय हाय तवर अथीच. म्हटलं, आणि मग?
तिनं विचारलं, अजून भाकर पायजे का? मी नको म्हणालो. तिनं ताट उचललं.