येते म्हणजे जाते

प्रिय आत्या,

तुझं पत्र पोचलं. खोली रिकामी करून ठेवलीस, शाळेत बोलून ठेवलंस, आता मी फक्त "हो" म्हणायचं बाकी. शनिवारपर्यंत कळव म्हणालीस. कळवते, पण आधी माझं ऐकून घे.

या परमुलखात आल्यावर पहिला महिना वाईट गेला, हे खरंय. मी वर्गात इथल्या भाषेत तोंड उघडलं की मुली फिदीफिदी हसायच्या. मी रडलेसुद्धा, खोटं कशाला बोलू? पण घरात माश्या मारत बसणं मला जमत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून शाळा सुटल्यावर मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंकडे काम शिकायला जाऊ लागले. बाई साठीच्या, राग कायम नाकावर. मला काम काय, तर जुन्या शिवणी उसवायच्या आणि बटणं लावायची.

आठ दिवस झाले असतील, बाईंनी मला दारातच अडवलं. बरंच काही बोलल्या, मला निम्मंच कळलं. दुकान उघडं ठेवते, वाट बघते, असं काहीतरी. शेवटचं मात्र लख्ख कळलं. "तू खोटारडी आहेस. उद्यापासून येऊ नकोस." मी एक टाचणीही उचलली नव्हती गं! तेव्हा तुझं पत्र हातात असतं, तर मी त्याच पावली तुझ्याकडे निघाले असते.

घरी विचार करता करता ट्यूब पेटली. रोज निघताना मी आपल्या सवयीनं, पण त्यांच्या भाषेत, "येते" म्हणत होते. आणि बाई बिचाऱ्या, ही आत्ता येईल, मग येईल, म्हणून कुलूप हातात घेऊन बसत होत्या. आठही दिवस!

दुसऱ्या दिवशी गेले. मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं, की आमच्यात निघताना "जाते" म्हणत नाहीत, कायमचं गेल्यासारखं वाटतं. बाईंनी ओठांतल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. मग म्हणाल्या, "मग वेळ सांगत जा. उद्या चार वाजता येते, असं म्हण." आणि पुढ्यात एक चिंधी टाकली, काजं करायला. चिंधीवर वीस केली, तेव्हा कुठे काल कोटावरचं एक मिळालं. बाईंनी ते उसवलं नाही.

मुली अजून हसतात. पण परवा त्यातल्याच एकीची बाही फाटली, तर मलाच शोधत आली. आधी मी पोटभर हसून घेतलं, मग शिवून दिली.

आता खरं सांगते. तुझ्या पत्रामागे बाबा आहेत, हे मला कळलंय. तुला लिहिलेल्या पत्राचा कच्चा कागद त्यांच्या कामाच्या पिशवीत सापडला. पोरीचे हाल बघवत नाहीत, तिला घेऊन जा, मी राहीन एकटा, असं लिहिलंय त्यांनी. आत्या, तुझा भाऊ एकटा राहू शकत नाही. आई गेल्यापासून मी समोर बसल्याशिवाय ते घास उचलत नाहीत. मी येणार नाही. खोली दुसऱ्या कुणाला दे. त्यांना एवढंच लिही, की पोरगी हट्टी आहे, ऐकत नाही. मी तो कागद वाचला, हे मात्र कधीच सांगू नकोस. त्यांनी मला पाठवायचं ठरवलं होतं, हे मला माहीतच नाही असं त्यांना वाटू दे.

तुझीच, पण राहणार इथेच,
भाची