जागेचा तुकडा

१२ जानेवारी २००९, सोमवार

टाके अजून ओले, आणि घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. चहा दाराशी ठेवून जातात — कुत्र्याला ठेवावा तसा!

कारण काय, तर परवा दवाखान्यातून फोन आला. हिंदुरावाने उचलला. बाई म्हणाली, "तुमच्या आईंनी जागेचा तुकडा दिला, फार उपकार झाले." झालं! लेक माझ्यावर धावून आला. "रस्त्याकडची जागा देऊन बसलीस व्हय? मला न इचारता?" हडपसरात आमची तेवढीच जमीन उरलीय. त्याला दुसरी जागा सुचणार कुठून!

आता पोटच्या पोराला कसं सांगू, कुठली जागा ते?

१३ जानेवारी

इथेच लिहिते. माझं अंग बाहेर यायचं, पिशवी खाली उतरायची. कित्येक वर्षं फडक्याचा बोळा लावून हिंडले. शेवटी नीरजाबाई डॉक्टरणीने आत बसवून शिवलं. जास्तीची कातडी कापावी लागणार होती. डॉक्टर लोक तिला योनीची म्हणतात, मी आपलं जागा म्हणते. मग त्याही तेच म्हणायला लागल्या.

"आजी, जागेचा तुकडा फेकूनच द्यायचा. प्रयोगशाळेला द्याल? त्यातल्या पेशी बशीत वाढवू. बायकांच्या दुखण्यावरची औषधं आधी त्यांच्यावर बघू."

"विरजण लावणार म्हणा की!"

हसल्या. "तसंच. लागलं तर लागलं."

दिला. सातबाऱ्यावर थोडाच चढलाय तो!

१६ जानेवारी

आजही कोणी नाही. भिंतीवरची पाल तेवढी बोलली.

१८ जानेवारी, रविवार

सून आली. वासंती. "आत्या, खरं सांगा. कुणाच्या नावावर केली जागा?"

"बायांच्या."

पदर तोंडाला लावून गेली. जाऊ दे.

२२ जानेवारी

नीरजाबाईंचा फोन. "आजी, लागलं विरजण! पेशी जिवंत आहेत, बशीभर पसरल्यात."

म्हणजे तिकडे माझ्या चिंधीभर कातडीला माणसं वेळेवर खायला घालतात, ऊब देतात, भिंगातून न्याहाळतात. इकडे मी आख्खी पडलेय, ढुंकून कोणी बघत नाही. बशीतलीचं बरं चाललंय!

२४ जानेवारी, शनिवार

हिंदुराव दवाखान्यात भांडायला गेला. "जागा परत घेऊनच येतो" म्हणाला — जा बाबा, आण!

दुपारी आला तो मान खाली घालून. उंबऱ्यातच उभा राहिला.

"आई... तसली जागा व्हय."

"व्हय, तसलीच."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"इचारलंस कधी? दवाखान्याच्या दारात सोडलंस अन् गाडी वळवलीस."

मग म्हणाला, "दुखतंय का गं?"

चहा आत आणून दे म्हटलं. आणला. साखर विसरला. प्याले.

२५ जानेवारी, रविवार

त्याने वासंतीला काय सांगितलं कोण जाणे. सकाळी आली, दार लावलं, पायाशी बसली. तिचंही अंग बाहेर येतंय — धाकटी झाल्यापासून! नवऱ्याला सांगितलं होतं. "आईला कळू देऊ नको, गप ऱ्हा," म्हणाला होता.

मंगळवारी तिला नीरजाबाईंकडे न्यायचं. इतके दिवस का आणलं नाही, हे त्या विचारणारच. वासंतीने तोंड उघडायचं नाही. मीही उघडणार नाही. हिंदुरावाने सांगायचं.