सहावीच्या वर्गात पेटलेला कापूर

तीर्थस्वरूप साळूआत्यास,

निफाडहून रूपालीचा दंडवत. तुझा गुडघा कसा आहे? घोटीच्या गारठ्यात पहाटे अंगण झाडायचा हट्ट सोड, एवढं माझं ऐक. इकडे आम्ही खुशाल आहोत (आम्ही म्हणजे मी आणि खोलीतली पाल).

परवा माझा तो पाठ झाला. विस्तार अधिकारी वर्गात बसून माझं शिकवणं बघणार, त्यांनी बरं लिहिलं तर नोकरी कायम, नाहीतर दादांनी, म्हणजे तुझ्या लाडक्या भावाने, बजावल्याप्रमाणे गाशा गुंडाळून घरी. विषय पदार्थाच्या अवस्था. बर्फ स्थायू, पाणी द्रव, वाफ वायू हे पोरांना झोपेतही येतं, म्हणून मी संप्लवन दाखवायचं ठरवलं, म्हणजे घट्ट पदार्थाचा मधे पातळ न होता एकदम वायू होणं. त्यासाठीच तुझ्याकडून कापूर मागवला होता. तू सोबत खोबऱ्याच्या वड्याही पाठवल्यास (तुझ्या हातून नुसती मागितलेली वस्तू कधी आलीय?).

बशीत कापूर, त्यावर पालथं नरसाळं, खाली स्पिरिटचा दिवा. छान चाललं होतं, पण माझा जीव कुठला थाऱ्यावर. घाईने नरसाळं उचललं आणि कापराने पेट घेतला. आता पेटता कापूर दिसल्यावर आपली माणसं काय करतात? सगळा वर्ग चपला काढून उभा. सृष्टी नावाच्या मुलीने टाळी धरली आणि अख्ख्या सहावीने आरती सुरू केली. गप्प करायला वळते तर मागच्या बाकाशी साहेबच बूट काढून, हात जोडून, डोळे मिटून उभे. मग मीही म्हटली (माझा सूर तुला माहीत आहे). ज्योतीवरून हात फिरवायला रांग लागली, पहिले साहेब. आणि आरती झाल्यावर प्रसाद नको? तुझ्या वड्या वाटल्या.

मला रडू येत होतं गं. नोकरी गेलीच असं धरून चालले होते. तेवढ्यात सृष्टी वडी खात बशीत डोकावली आणि म्हणाली, "बाई, वात जळली की काजळी राहती. मग कापूर मागं कायच कसं नाय ठेवत?"

साहेब खुर्ची ओढून पुढे आले. मी नरसाळं दाखवलं, आतून पांढरा थर. त्यांनी बोट फिरवून वास घेतला, कापूरच. पेटायच्या आधी तो वाफ होऊन वर गेला आणि गार काचेला लागून पुन्हा स्थायू झाला; पेटल्यावर उरलेल्याची वाफच जळून गेली, मग बशीत काय राहणार? मग मी जी काय शिकवत सुटले, घंटा झालेली कुणालाच कळली नाही. जाताना साहेब म्हणाले, नोकरीची काळजी करू नका. आत्या, मी शिक्षिका व्हायचं म्हटलं तेव्हा दादांपुढे तू एकटी उभी राहिलीस. तुझे उपकार मी विसरायची नाही.

तुझी,
रूपाली

ता. क. साहेबांचा शेरा असा आहे: ‘मुलांचा सहभाग उत्तम. बाईंना विस्तवाजवळ एकटं सोडू नये.’ दादांना पहिलं वाक्यच सांग.

ता. क. २. रविवारी दादांनी दिंडोरीचे पाहुणे मला बघायला बोलावलेत. मुलगा चांगला असेल, बागही मोठी आहे म्हणतात. पण लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल, असं त्यांनी आधीच कळवलंय. त्यांना नको म्हणायचं काम तुझं. कारण काहीही सांग. खरं कारण एवढंच, की सोमवारी मला बाष्पीभवन शिकवायचंय.