सुटलेला बोर्ड

८ फेब्रु. ९३, सोम.
आयसीयूतल्या मॉनिटरच्या ट्रॉलीचा एक्स्टेंशन बोर्ड आज परत सुटलेला. स्क्रू गायब, बोर्ड नुसता हुकावर लटकतोय. ट्रॉली जरा जोरात ढकलली की खाली. आणि खाली पोछ्याचं पाणी. इंजिनिअरांनी बजावलं होतं, बोर्ड कमरेच्या वर, ट्रॉलीला पक्का कसलेला. ह्यांनी तसेच बसवले होते सगळे, मी समोर उभी होते. मिल बंद पडल्यावर घरी बसलेल्या ह्यांना मॅट्रनच्या पाया पडून मीच इथे वायरमन म्हणून चिकटवलं.
माझा डोळा रुक्मावर. चहाचा हीटर लावायला ही आया बोर्ड काढून नेत असणार.

९, मंगळ.
रुक्माला विचारलं. ‘ताई, भगवान कसम, मी हात पण नाही लावला.’ शपथ फार लवकर घेतली. हीटर माझ्या कपाटात, किल्ली कमरेला.

११, गुरु.
हीटर कुलपात, तरी दुसऱ्या ट्रॉलीचा बोर्ड सुटला. आता?
मॅट्रन : ‘सिस्टर, रुकमा का नाम दे दो, बात खतम.’ सोमवारपर्यंत थांबा म्हटलं.
जेवताना ह्यांना विचारलं, स्क्रू घट्ट केले होते ना? ‘केले होते.’ एवढंच. एरवी स्क्रूवर अर्धा तास बोलणारा माणूस. 

१३, शनि.
व्हायचं ते झालं. रुक्मा पोछा मारत होती, ट्रॉलीला धक्का लागला, बोर्ड ओल्या फरशीवर. तिने उचलायला हात घातला आणि फेकली गेली. वाचली. तळहात भाजलाय. मॉनिटर बंद, पेशंटच्या मुलीचा आरडाओरडा. सगळे म्हणतात, करावे तसे भरावे. मला राग आला, पण नक्की कुणाचा ते…

१४, रवि.
सरळ विचारलं ह्यांना. तुम्ही काढता का स्क्रू?
‘हो. मिलमध्ये बोर्ड कधी कसतात का? मागे रुई साचते, आग पकडते. हुकावर ठेवायचा, रोज काढून झाडायचा. वॉर्डात कापसाचे गठ्ठे नाहीत का?’
इथे कुठली रुई उडते, म्हटलं. आणि गुरुवारी खोटं का बोललात?
‘खोटं कुठे? तू विचारलंस, घट्ट केले होते का. केले होते. मग काढले.’
रुक्मावर आलं तेव्हा तरी सांगायचं.
‘मला कुणी विचारलं? सगळे तिलाच विचारत होते.’
ह्यांना आगीची भीती खरीच वाटते, की एका रात्रीत सुचलं हे? इतकी वर्षं संसार केला आणि मला ओळखता येत नाही.

१५, सोम.
हे माझ्याआधीच ड्यूटीवर गेले. मी पोचले तर सगळ्या ट्रॉल्यांचे बोर्ड पक्के, नवे स्क्रू. आता कुणाला काही कळायचं नाही.
रुक्मा पट्टी बांधून कामावर. तिने मला जिन्यात गाठलं. ‘ताई, मॅट्रनबाई नोकरीवरून काढणार म्हणतात. तुम्ही बोला ना. तुमचं ऐकतील. तुम्ही तर माझ्यावर कधी शक नाही केला.’
ह्यांची नोकरी गेली तर परत कोण ठेवणार? आणि तिला तरी कोण?
उद्या दहाला मॅट्रनने बोलावलंय. मला, रुक्माला, आणि बोर्डाची माहिती द्यायला वायरमनला.