टेपचं दुसरं टोक

शनिवार, १२ ऑक्टोबर, दुपारी दीड

प्रिय ठकू,

सकाळी धुणं वाळत घातलं. दवाखाना आज अर्धा दिवस, साडेअकराला सुटले. येताना एक खोकं आणि चिकटपट्टी आणली. जेवले. तुझ्या बाबांची मापाची टेप जुन्या टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवली, खोकं बंद केलं, वर तुझा पत्ता लिहिला. मग चिकटपट्टी सोडवली आणि टेप बाहेर काढली. ती आता समोर टेबलावर आहे. फोन करता आला असता, पण फोनवर मी 'बरं' म्हणून मोकळी होते, हे तुला माहीत आहे.

लग्नाच्या दोन महिने आधी चार दिवस परदेशी जाऊन तिथला लग्नाचा हॉल स्वतः बघून यायचा, हे तू सांगितलंस तेव्हा मला हसूच आलं. हॉलवाल्यांनी सगळी मापं, फोटो, नकाशे पाठवलेत. तरी तू म्हणालीस, "बाबांनी मानलं असतं का हे?" नसतं मानलं. फोनवर सांगितलेल्या मापाने त्यांनी उभ्या जन्मात एक काच कापली नाही. "ऐकीव माप म्हणजे ऐकीव स्थळ," म्हणायचे, "बघितल्याशिवाय हो म्हणू नये." रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून गिऱ्हाइकाकडे न्यायचे, कारण मोठ्या खिडकीला टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतं. चारी बाजू झाल्या की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं घ्यायचे. ती सारखी आली तर चौकट काटकोनात. ती कधीच सारखी यायची नाहीत. "कुठलंच घर सरळ नसतं, काचेनेच जुळवून घ्यायचं," असं पुटपुटत कानावरची पेन्सिल काढायचे. मला एकच ताकीद असायची, टोक हलवू नकोस. तेवीस वर्षं मी हलवलं नाही.

मागच्या रविवारी आपण तिघी फोनवर समोरासमोर होतो, तू, मी आणि तुझ्या होणाऱ्या सासूबाई. तू विचारलंस, "आई, येशील ना पाहणीला?" मी म्हटलं, दवाखान्यात रजा मिळायची नाही. तू म्हणालीस, "बरं." आपल्या घरात एकदा विचारायचं आणि एकदा उत्तर द्यायचं, ही बाबांचीच शिस्त. तुझं काही चुकलं नाही. पण मी तुझ्या दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसले. तुझ्या सासूबाईंकडे तीन-तीनदा विचारायची पद्धत असावी. त्यांनी पुढच्याच वाक्यात सांगितलं, "मी जाते की हिच्याबरोबर! ताई, तुम्ही मुळीच काळजी करू नका, मी आहे ना." बाबा गेल्यापासून आठ महिन्यांत हे वाक्य मला कोणी म्हटलं नव्हतं. ज्यांनी म्हटलं, त्यांचाच मला राग आला.

त्या वाईट नाहीत, हे मला कळतं. कळल्याने काही होत नाही. त्यांची ती रंगीत चिठ्ठ्या लावलेली फाइल, तुला "बाळा" म्हणणं, तुम्ही दोघी एकाच खोलीत राहणार, जेवणाची चव बघणार, तू साडी नेसून बघशील तेव्हा निऱ्या त्या धरणार. दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीत बसून मी पेशंटना नंबर देते आणि डोक्यात हेच चालू असतं. बुधवारी दोघांना एकच नंबर दिला. तिथे भांडण लागलं आणि मी मात्र तुमच्या खोलीत पलंग एक की दोन याचा विचार करत होते.

आता जे सांगायला लाज वाटते ते सांगते. मंगळवारी त्यांचा फोन आला होता. मंचाच्या दोन्ही बाजूंना लिलीची फुलं ठेवायचं मनात आहे, तुला आवडतील का, असं विचारत होत्या. लिलीने तुला कशा शिंका येतात ते मला माहीत आहे. शाळेच्या निरोप समारंभात तू भाषण सोडून नुसती शिंकत होतीस. मी म्हटलं, "छान दिसतील." तू शिंकशील, फोटोत नाक लाल येईल, आणि त्यांना कळेल की मुलगी कोणाची आहे, एवढंच माझ्या मनात आलं. बाबा असते तर म्हणाले असते, मुद्दाम चुकीचं माप दिलंस.

काल मीच त्यांना फोन केला आणि खरं सांगितलं. वाटलं होतं, त्या चिडतील. त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की मी फोन कानापासून लांब धरला. "अहो, बरं झालं सांगितलंत! मंगळसूत्र घालायच्या वेळी शिंकली असती तर आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी लग्न पुढे ढकललं असतं." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "ताई, खरं सांगू? तुम्ही येत नाही म्हणून मलाच धास्ती वाटतेय. मला कुठे माहीत तिला काय चालतं, काय नाही." तरी माझा हेवा गेलेला नाही, ठकू. तो एका फोनने जाण्यातला नाही. पण त्यानंतर मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि चार दिवसांची रजा मागितली. रविवारी मी तुला खोटं सांगितलं होतं. रजा मी मागितलीच नव्हती. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "आठ दिवस घ्या."

मघाशी खोकं बांधण्याआधी मी हे टेबल मोजून बघितलं. एक टोक इस्त्रीखाली दाबलं आणि टेप ओढत गेले. ते दोनदा निसटलं. तू तिथे हॉल मोजताना ही टेप ओढशील तेव्हा दुसरं टोक त्यांच्या हातात असेल, हे मला सहन होत नाही. बाकी सगळं त्यांनी करावं. चव बघावी, फाइल धरावी, वाटलं तर निऱ्यासुद्धा. एवढं एक नको. म्हणून तू विचारलेलं नसताना दुसऱ्यांदा उत्तर देते आहे. मी येते. वीस तारखेला तिकिटं काढताना तीन काढ. टेप पाठवत नाही, घेऊन येते. या पाकिटात माझ्या पासपोर्टची झेरॉक्स घालायची आहे. बाबांनी हौसेने दोघांचे एकदमच काढले होते, ते एकाच प्लास्टिकच्या पिशवीत आहेत. त्यातला माझा बाहेर काढते, त्यांचा परत कपाटात ठेवते आणि कोपऱ्यावरचं दुकान बंद व्हायच्या आत जाऊन येते.

तुझीच,
आई