पाचवी सवाष्ण

प्रिय महेश,

लग्न झाल्यापासून तुला 'अहो' म्हणत आले. आज रागात आहे, म्हणून नावानं लिहितेय. तुझ्या आईला, अक्कांना, कळलं तर बोलायला आणखी एक कारण मिळेल. मिळू दे.

काल संध्याकाळी आम्ही ईश्वरीचा वाढदिवस करून परत आलो. बॅग अजून हॉलमध्ये तशीच पडलीय. सकाळी शाळेच्या ऑफिसात येऊन बसले, दाखले पुढ्यात घेतले, पण एक धड लिहून झाला नाही. म्हणून डबा खायच्या सुट्टीत हे लिहितेय. ज्याच्यावर राग काढायचा तो माणूसच जागेवर नसला की फार पंचाईत होते रे.

वाढदिवसाला गावाबाहेर जायची टूम तुझीच. हॉल नको, फुगे नकोत, रिटर्न गिफ्टची भानगड नको. शनिवारी सगळ्या घराला गाडीत कोंबायचं आणि एक रात्र कुठंतरी राहून यायचं. नळदुर्गच्या किल्ल्यात ईश्वरीला खांद्यावर घेऊन पळालास आणि नंतर आठवडाभर पाठ शेकत बसलास, आठवतं? दिवाळीनंतर तू गेलास, त्या जानेवारीत कुणी वाढदिवसाचं नावही काढलं नाही. पोरगीही गप्प राहिली. यंदा मात्र तिनं विचारलं, "मम्मी, आपण आता कुठंच जायचं नाही का?" मी त्याच दिवशी मोडनिंबकडच्या एका शेतावर खोल्या सांगून टाकल्या.

हुरड्याचे दिवस होते. तुझी आई, तुझा भाऊ उमेश, त्याची बायको वैशाली, ईश्वरी आणि मी. शनिवार छान गेला. ईश्वरी गरम हुरडा तळहातावर चोळून फुंकर मारायला शिकली, शेंगाचटणीनं तिच्या डोळ्यांत पाणी आलं तरी मागून मागून खात होती. अक्का कितीतरी दिवसांनी हसल्या. मला वाटलं, जमलं.

रविवारी सकाळी ईश्वरीला नवा फ्रॉक घातला, वरून स्वेटर, आणि ओसरीवर पाटावर बसवलं. मी ताट तयार केलं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, तुझ्या आईची अंगठी. ताट उचलणार तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "वैशाली, तू घे. मनीषा, तू फोटो काढ की."

फोटो काढ! काय सोय आहे बघ. तोडून बोलायला नको, आणि बाईला काम दिल्यासारखंही होतं.

पाच सवाष्णींनी ओवाळायचं ही तुमच्या घरची रीत. तू होतास तेव्हा निघायच्या आधी घरीच ओवाळायचो; त्या पाचांत मी होते, बिल्डिंगमधल्या बाया होत्या. आता त्या शेतात सवाष्ण म्हणजे एकटी वैशाली. मग अक्का शाल गुंडाळून शोधायला निघाल्या. चुलीवर भाकरी करणाऱ्या बाईला पिठाच्या हातानं उठवून आणली. पलीकडच्या खोलीत दुधनीचं एक कुटुंब उतरलं होतं, तिथली सासू आणि सून आणली. त्या सासूनं ओवाळता ओवाळता मला विचारलं, "हेसरु येनु?" कानडीत पोरीचं नाव विचारत होती. बिचारीनं प्रेमानं ओवाळलं, तिच्यावर माझा राग नाही. पण जिला नाव माहीत नाही तिचा हात चालतो, आणि जिनं ते नाव ठेवलं तिचा चालत नाही? पोरीच्या उवा काढायला कधी कुणी पाच सवाष्णी गोळा केल्या नव्हत्या. तुझ्याबरोबर माझं आईपणही गेलं का, महेश?

पाचवी मिळेना. शेताच्या मॅनेजरची बायको गावातून येणार म्हणून निरोप गेला. ईश्वरी पाटावर अवघडून बसलेली, कपाळावर कुंकवाचा लगदा. वाऱ्यानं निरांजन विझलं, वैशालीनं पुन्हा लावलं.

"मम्मी कधी ओवाळणार?"

"मम्मी फोटो काढतीया न्हवं," अक्का म्हणाल्या.

मी उमेशकडं पाहिलं. तुझा भाऊ, इंजिनिअर, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज समाज सुधारणारा. तो हळूच म्हणाला, "वहिनी, सोडून द्या ना. दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे." आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. दहा मिनिटांचा! तू असतास तर तूही असंच म्हणाला असतास. घरात वाद नको, हेच तुझं एकमेव धोरण होतं.

मी मोबाइल कठड्यावर ठेवला आणि वैशालीच्या हातातून ताट घेतलं. अक्कांनी माझं मनगट धरलं.

"असं करू नगं मनीषा. पोरीला काय झालं तर?"

"माझ्यामुळं?"

मी हात सोडवून घेतला आणि माझ्या लेकीला ओवाळलं. आभाळ कोसळलं नाही. ईश्वरी म्हणाली, "अक्षता तोंडात गेली," आणि थुंकायला पळाली. अक्का मात्र उठून गाडीत जाऊन बसल्या. पाचवी सवाष्ण नंतर मोटरसायकलवरून आली, ठेवणीतली साडी नेसून. तिला चहा पाजला, हुरडा दिला आणि पाठवली.

परतताना मी धुमसत होते. ईश्वरी माझ्या मांडीवर झोपली होती, शेजारी अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. मोहोळ मागं पडलं तेव्हा त्या बोलल्या, माझ्याकडं न बघता.

"महेशला म्या एकदाबी ओवाळलं न्हाय."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं.

"तुजं सासरं गेलं तवा त्याला वरीसबी भरलं न्हवतं, उमेश पोटात हुता. मग शेजारच्या बाया यायच्या. म्या दाराआड उभी ऱ्हायची. माजी सावलीबी त्याच्यावर पडू दिली न्हाय की. त्याला काय हुऊ नये म्हणून." खिडकीची काच वर सरकवत त्या म्हणाल्या, "तरीबी झालंच."

पुढं उमेश गाडी चालवत होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

महेश, तू पाटावर बसायचास तेव्हा ती दाराआड आहे हे तुला दिसत नव्हतं का? लहानपणी कळलं नसेल, मान्य. पण मोठा झालास, नोकरीला लागलास, बाप झालास. तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला मी ओवाळत होते आणि ती मागं तेलाची वाटी धरून उभी असायची. 'आई, आज तू ओवाळ,' एवढंच म्हणायचं होतं तुला. एक वाक्य! त्या बाईनं आपल्या पोराच्या जिवासाठी स्वतःचा हात आयुष्यभर मागं ठेवला आणि तू तो पुढं ओढला नाहीस. मला तिचा राग यायला हवा होता. तो तुझा येतोय, आणि आता तुला काही म्हणताही येत नाही. अक्कांना तर तुला ओवाळताही येणार नाही, कधीच.

तुला वचन देते. पुढच्या जानेवारीत आम्ही पुन्हा जाऊ, कुठंही जाऊ. पाट मांडला की पहिलं ताट अक्कांच्या हातात देईन. त्या घाबरतील, नको म्हणतील, गाडीत जाऊन बसतील. मग मी ईश्वरीला घेऊन गाडीत जाईन, आणि त्यांचा हात उठेपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसून राहू.

तुझ्यावर रागावलेली,
मनीषा