दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू

१९ जानेवारी, रविवार

डोळे आहेत की उकडलेले बटाटे! काजलनं आरसा कपाटात दडवला होता. मी शोधून काढला आणि पस्तावले. वरच्या पापण्या टम्म, टाक्यांची काळी रेघ, खाली गालापर्यंत जांभळं. डावा डोळा अर्धाच उघडतो. डॉक्टर म्हणाले होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त, घाबरू नका. घाबरले नाही. चिडले आहे.

काजल दुपारी अकोल्याला गेली. उद्या तिची नर्सिंगची परीक्षा. जाताना आईलाच दहा सूचना — उताणं झोप, दोन उशा घे, वाकू नको, चुलीच्या धुरात जाऊ नको, थेंब विसरू नको. थंड शेकायला फ्रीजमधल्या तुरीच्या ओल्या दाण्यांची, सोल्यांची पिशवी रुमालात गुंडाळून दिली. ते सोले मी भाजीसाठी ठेवले होते!

गावात सांगितलंय, मोतीबिंदू. शाळेच्या रजेच्या अर्जात लिहिलं, 'डोळ्यांची शस्त्रक्रिया'. ते तरी खरं आहे.

२० जानेवारी

पहिली भेट गोजरबाईची. शेजार आहे, राहवतं कुठलं. बिस्किटाचा पुडा पुढं केला आणि माझं तोंड बघून मागेच सरकली.

"दोन्ही डोळ्याचा एकदम? अन् या वयात? कोन्या खाटकानं केलं वो मास्तरीणबाई!"

मग औषधं. बकरीच्या दुधाची घडी. मध. तूप. तिच्या नणंदेनं म्हणे शेवग्याचा रस घातला होता. नणंदेचं पुढं काय झालं ते विचारलं नाही.

दारातून ऊन येत होतं आणि ऊन सोसवत नाही, सारखं पाणी येतं. पदरानं टिपायला गेले तर गोजरबाईनं चुकचुक केलं. आता गावभर होणार — बाई रडत होत्या!

२१ जानेवारी

लिहूनच टाकते. कागदापुढं कसली लाज.

शेखर जाऊन सहा वर्षं झाली. पहिलं वर्ष रडले, ऊर फुटेपर्यंत रडले. मग हळूहळू थांबलं. शाळा होती, काजल होती, शेत होतं. पण पापण्या आमच्या माहेरच्या — आईच्याही अशाच होत्या. चाळिशी आली की लोंबायला लागतात. मग काय! बाजारात, शाळेत, लग्नात, जिथं जाईन तिथं एकच — रडल्या का बाई? सावरा आता. माझ्या वर्गातली पोरगी शिष्यवृत्तीत तालुक्यात पहिली आली, पेढे वाटत होते, तरी एकजण म्हणालीच — सावरा!

आणि आत्याबाई, माझी सासू. ती तर येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगते, "माही सून अजूनबी रडते माह्या शेखरसाठी. पाहा तिचे डोळे." मी तिथंच उभी असते, दोन भाकरी आणि ठेचा खाऊन! कशी सांगू, की आत्याबाई, ही कातडी आहे. दुःख नाही हो, कातडी!

म्हणून संभाजीनगरला जाऊन कापून घेतली. चांगलं दिसावं म्हणूनही. खोटं कशाला लिहू.

२२ जानेवारी

खाज! खाज! खाज! हात बांधून ठेवावेत असं वाटतंय. अंगणात चौऱ्याहत्तर फेऱ्या मारल्या. वाचायचं नाही, टीव्ही नाही, वाकून झाडायचंही नाही. माणसानं करायचं तरी काय?

२३ जानेवारी

आज वंदना आली. आशाताई आहे ती आमची, गावातल्या म्हाताऱ्यांच्या मोतीबिंदूसाठी सरकारी शिबिराची यादी तिच्याकडं. ३ फेब्रुवारीला सकाळी बस. आत्याबाईचं नाव पहिलं — मीच दोन महिने मागं लागून घातलं होतं. तिचा डावा डोळा जवळजवळ गेलाच, उजव्यात पिकलाय. तपासणीला आलेले डॉक्टर म्हणाले होते, आता लांबवू नका.

आत्याबाई माझ्याकडं बोट करून म्हणाली, "हे पाहून जाऊ काय मी? जाईन तर तिरडीवरच जाईन. नाव काट."

वंदना माझ्याकडं बघत राहिली. मी सोल्यांची पिशवी डोळ्यांवर दाबून बसले. बोलायला हवं होतं.

२५ जानेवारी

टाके निघाले. जाऊन-येऊन अख्खा दिवस जीपमध्ये, गॉगल लावून. मेहकरच्या पुढं एक म्हातारा म्हणाला, डोळे आले काय बाई, अन् खिडकीकडं सरकून बसला. जांभळं आता हिरवट-पिवळं झालंय. पापणी ताणल्यासारखी वाटते. झोपेत डोळा पुरता मिटत नाही, सकाळी वाळू पडल्यासारखं टोचतं. डॉक्टर म्हणतात, होईल हळूहळू, थेंब चालू ठेवा. हळूहळू म्हणजे किती हो?

२६ जानेवारी

झेंडावंदनाचे भोंगे घरी बसून ऐकले. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

२८ जानेवारी

वंदना परत आली, या वेळी तणतणत. "मॅडम, तुमच्यापायी माह्या यादीतले अजून चार नावं गळाले! सगळे म्हणून राह्यले, मास्तरीण शिकलेली बाई, दवाखान्यात जाऊन तिचे असे हाल, मंग आपलं काय?"

मी म्हटलं, माझा प्रकार वेगळा होता.

"कोणता प्रकार?"

मी म्हटलं, पाणी आणते.

काय पाणी आणते! एवढी पोरांना खरं बोला म्हणून फळ्यावर सुविचार लिहिते.

३० जानेवारी

आत्याबाई पडली. ओट्याची पायरी दिसली नाही. कोपर सोलवटलं, कपाळाला टेंगूळ. आज पायरी होती, उद्या विहीर असेल. उचलायला धावले — वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, सगळं विसरले. पापणीत सणक गेली. हळद लावताना समजावलं, "आत्याबाई, मोतीबिंदू सोपा असतो. तुम्हाला काही त्रास होणार नाही."

"तुले तर झाला ना?"

"माझा—"

"मले शिकवू नको. मी काय पाह्यलं नाही काय तुहं तोंड? जेवढं दिसते तेवढं दिसते मले."

कापसाचा बोळा हातात घेऊन तशीच बसले. माझ्या तोंडावरची सूज उतरेल. तिचा डोळा परत नाही यायचा.

३१ जानेवारी

काजलचा फोन. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, सांगून टाक ना आजीला." सांगून टाक! विधवा सून पापण्या कापून आली, हे सांगून टाकू? आणि त्याच्या मागचं ते दुसरं, की मी रडतच नव्हते? सहा वर्षं ती ज्याच्या जोरावर मान वर करून बसते, तेच काढून घेऊ?

काजल म्हणाली, "मग आंधळी होऊ दे." पोरगी माझ्यावरच गेली आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

आत्याबाई शेंगा निवडत होती, चाचपून. मी समोर बसले आणि एका दमात बोलले. मोतीबिंदू नव्हता. पापण्या लोंबत होत्या, त्या कापून घेतल्या. पैसे देऊन, हौसेनं. सूज त्याची होती. तुमचं ऑपरेशन वेगळं, उद्या बसमध्ये बसा.

"लोंबत काऊन होत्या?"

"माहेरच्याच तशा, आत्याबाई."

"मंग तू रडत नव्हती?"

मी म्हणाले, "नाही. खूप वर्षं झाली."

आत्याबाईनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. भिंत धरून उठली आणि आतल्या खोलीत गेली. दोन वेळा जेवायला हाक मारली. आली नाही. वाईट, फार वाईट वाटतंय.

३ फेब्रुवारी

पहाटे उठून बघते तर आत्याबाई लुगडं नेसून, पिशवी घेऊन ओट्यावर! माझा हात धरला नाही, काठी धरली.

बसपाशी ते गळालेले चौघं नुसते बघायला आलेले, गोजरबाई त्यांत पुढं. वंदना विनवून थकली. मग माझंच डोकं फिरलं. गॉगल काढला आणि वर्गात ओरडते तशी ओरडले, "माझा मोतीबिंदू नव्हताच! पापण्या कापून घेतल्या मी, चांगलं दिसावं म्हणून! हसायचं तर हसा, पण बसमध्ये बसून हसा!"

कुणी हसलं नाही, ते जास्त झोंबलं. गोजरबाईचं तोंड उघडं ते उघडंच. चौघांतले तिघं चढले. गोजरबाई म्हणाली, "पुढच्या वेळेस पाहू."

आत्याबाई पहिल्या सीटवर समोर बघत बसली होती. बस सुटली तरी मान वळवली नाही.

४ फेब्रुवारी

शाळेत गेले. स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं बंद. एक जण म्हणाला, मॅडम, फ्रेश दिसता! नालायक.

वंदनाचा फोन — उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. आत्याबाईनं माझ्यासाठी निरोप दिला का, विचारलं. नाही म्हणाली.

५ फेब्रुवारी

संध्याकाळी आत्याबाईला आणून सोडलं. हिरवा चष्मा. थेंब घालायला बसले तर डोकं मागं केलं. आता आम्ही दोघी घरात, दोघींचे थेंब एकाच फळीवर, आणि बोलणं नाही. मी नुसती घरभर फिरते आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी थेंब घालताना आत्याबाईनं माझी हनुवटी धरली. त्या उजव्या डोळ्यानं माझ्या पापण्या एकेक करून पाहिल्या. मग म्हणाली, "माहं बी रडणं कधीचंच थांबलं होतं वो. तुहे डोळे पाहू पाहू मी रोज सांजेले डोळ्याले पदर लावत होती. सून रडते अन् माय कोरडी — बरं दिसते काय?"